तुडुमाचा दट्ट्या

डॉक्टरनं माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला आणि रबराचा फुगा दाबायला सुरुवात केली. पट्टा आवळत गेला, हात बधिर झाला, नाडी कोपरात ठोके देऊ लागली. मग त्यानं हवा सोडली, आकड्याकडे पाहिलं आणि मान हलवली. हा डॉक्टर माझाच विद्यार्थी. नववीत शेवटच्या बाकावर बसायचा आणि भौतिकशास्त्राच्या तासाला हमखास पेंगायचा.

"मॅडम, प्रेशर एकशे साठ आहे. कशाचं एवढं प्रेशर घेऊन राहिल्या तुम्ही?"

"मी कायले घेऊ? लोक देतात."

"दिलं तरी घेऊ नका नं."

"घेतलं नाहीच कधी. म्हणून तर वाढलं असेल."

तो हसला. गोळ्या लिहिल्या, लोणचं-पापड बंद करायला सांगितलं. मी चिठ्ठी पर्समध्ये घातली आणि बाहेर आले. आंधळगावातला त्याचा दवाखाना गावाच्या अगदी कडेला, मागच्या भिंतीला लागून धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. आश्विनाचं ऊन चटके देत होतं आणि धान निसवत होतं. कोवळ्या लोंबा बाहेर पडताना एक दुधट, हिरवा वास सुटतो. ज्यांनी तो घेतलेला नाही त्यांना सांगून कळायचा नाही. हा वास आला की माझं वय कितीही असो, मी एकोणीस वर्षांची होते आणि मला भयंकर राग येतो.

तो राग एका आश्विनाचा आहे. सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी भंडाऱ्याला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या गावातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, आणि आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेलं कोणीच नव्हतं. हे मी आजही न विचारता सांगते. गर्व आहे म्हणतात लोक. आहेच.

प्रेशर हा शब्द तेव्हा आमच्याकडे नवा होता आणि जिथे फट दिसेल तिथे शिरत होता. तुमसरच्या तांदळाच्या गिरण्यांत कामाला जाणारे लोक शनिवारी गावी येऊन सांगत, "आज बायलरले परेशरच नाही आला, दिवसभर बसून होतो." विहिरीवर ज्यांनी नव्या मोटारी बसवल्या होत्या ते म्हणत, लाइनीत प्रेशर नाही. वरठीच्या पुढे एकदा भर बसमध्ये एक म्हातारी उठून उभी राहिली, "डायवरबाबू, गाडी थांबवा, मले परेशर आला," आणि ड्रायव्हरनं करकचून ब्रेक लावला. अख्खी बस हसली. म्हातारी परत येऊन ऐटीत बसली आणि म्हणाली, "हासा बाप्पा, हासा. तुमाले का येत नाही?"

घरात मात्र आमचा जुना शब्द होता, दाब. पाहुण्याला म्हणायचं, दाबून जेवा. दिवसभर चिखलात उभे राहिलेले पाय बाबा स्वतःच्या हातांनी दाबायचे, मायला हात लावू द्यायचे नाहीत. शेजारच्या बाया मायला सांगायच्या, पोरीले दाबात ठेव, फार शिकून राहिली. आणि गावात दाब होता भय्याजींचा. भय्याजी म्हणजे जुन्या मालगुजाराचे नातू. मालगुजारी जाऊन जमाना झाला होता, तलाव सरकारच्या नावे लागला होता, पण भय्याजी रस्त्यानं आले की बिडी ओढणारी माणसं बिडी पाठीमागे धरत. त्यांनी तसं कधी सांगितलं नव्हतं. दाब म्हणजे तोच. सांगावं लागत नाही.

आणखी एक दाब होता, त्याच्यावर तर आमचं पोटच होतं. पानठेल्यावर रेडिओ लागायचा आणि बातम्यांच्या शेवटी बाई म्हणायची, बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा निर्माण झाला आहे. झाला म्हणजे हत्तीचा पाऊस येणार. हत्ती म्हणजे हस्त नक्षत्र. धान पोटरीत असताना हत्तीनं दोन सोंडा ओतल्या की गाव निश्चिंत. त्या साली पट्टा झाला, पण ओरिसाकडून वळला आणि कुठे तरी निघून गेला. बाबा ठेल्यासमोर उकिडवे बसून ऐकत होते. बाई पुढे म्हणाली, आता ऐका भावगीतं. बाबा उठले, धोतराला लागलेली धूळ झटकली आणि तलावाकडे गेले.

बाबा गावाचे पाणकर होते. तलावाचं पाणी कोणाला, किती, केव्हा हे ठरवून देणारा माणूस म्हणजे पाणकर. दर अक्षय तृतीयेला गाव त्याला नेमायचं आणि चुरणं, म्हणजे मळणी, झाली की घरटी टोपलंभर धान द्यायचं. बाबांना सही येत नव्हती. पण तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, अनवाणी चालत गेले की कुठे पाणी झिरपतं आहे ते तळव्याला कळायचं.

तलावाच्या पोटात, पाळीला लागून, दगडी पायऱ्यांचा एक मनोरा आहे. त्याला आम्ही तुडुम म्हणतो. त्याला एकाखाली एक चार भोकं. प्रत्येक भोकात सागाचा दट्ट्या ठोकलेला, दट्ट्याला वर उभा दांडा. भोकातून पाणी तुडुमाच्या आत उतरतं आणि पाळीखालून पाटात निघतं. नियम एवढाच की आधी वरचं भोक उघडायचं. तलाव उतरला की त्याच्या खालचं. सगळ्यात खालचं अगदी शेवटी, डोक्यावर पाणी उरलं नाही की. तलाव भरलेला असताना खालच्याला हात लावायचा नाही. बाबांच्या डाव्या हाताची दोन बोटं वाकडी होती. तरुणपणी त्यांनी एकदा उघड्या भोकाशी हातानं दट्ट्या बसवायचा प्रयत्न केला होता. पाण्यानं दट्ट्याबरोबर हातही ओढून नेला. तो हात आम्हाला लहानपणी भीती दाखवायला पुरायचा.

दुसरा नियम वाटपाचा. आधी टोक, मग तोंड. पाटाच्या टोकाला ज्यांच्या बांध्या त्यांना पहिलं पाणी, तलावाखालच्या तोंडाशी असलेल्यांना शेवटी. बाहेरच्या माणसाला हे उलटं वाटतं. पण तोंडाजवळच्याला झिरप मिळते, त्याचं धान तग धरतं, आणि तोंडाचं पोट आधी भरलं की टोकाला पाणी कधी पोचतच नाही. त्यातून टोकाला हलकं धान, लवकर येणारं. त्या आश्विनात ते गर्भात होतं. आठ दिवसांत पाणी मिळालं तर दाणा भरणार, नाही तर लोंबीत नुसतं फोल. तोंडाला भय्याजींच्या वीस बांध्या, सगळं भारी धान, दिवाळीनंतर कापणीला येणारं. ते पंधरा दिवस थांबू शकत होतं. भय्याजी थांबू शकत नव्हते.

ते आमच्या अंगणात आले तेव्हा मी खांबाला टेकून पुस्तक वाचत होते. दसऱ्याची सुट्टी होती. बाजेवर बसले. मायनं चहा दिला. तो त्यांनी हातात घेतला, तसाच थंड होऊ दिला आणि बाबांना नावानं हाक मारली.

"सावन, उद्या तुडुमाचा खालचा दट्ट्या काढ. माह्या बांध्या एका दिवसात भरून घेतो. मंग तुमी टोकाले न्या, का अजून कुठी न्या."

"खालचा नाही निघत जी. वर पुरुषभर पाणी हाये."

"निघत नाही, का तू काढत नाही?"

"दोन्ही जी."

भय्याजी हसले. मग माझ्याकडे वळले, म्हणजे बाबांशीच बोलले पण माझ्याकडे पाहून. "पोट्टी कोणच्या वर्गात हाये तुही?"

"बी.एस्सी. दुसरं वर्ष," मीच म्हटलं.

"वा वा. सवलतीच्या फारमाले गावचा दाखला लागत असन. रघू करते सही. मी सांगतो त्याले." रघू म्हणजे त्यांचा पुतण्या, गावचा सरपंच. भय्याजी उठले, कप बाजेखाली ठेवला. "सांगू नं, सावन?"

एवढंच. कोणी आवाज चढवला नाही, कोणी धमकी दिली नाही. 'सांगू नं' म्हणून माणूस शांतपणे निघून गेला आणि आमच्या अंगणात हवा राहिली नाही. फॉर्मची शेवटची तारीख दिवाळीच्या आधीची. दाखला नाही तर फीची सवलत नाही, सवलत नाही तर परीक्षा नाही. आणि एकदा वर्ष गेलं की मुलीला पुन्हा कोण पाठवतं? माझ्या लग्नाचा विषय आधीच दोन घरांतून निघाला होता.

"बाबा," मी म्हटलं, "द्या न खोलून. एका दिवसाचा तं प्रश्न हाये. माह्यं साल जाते."

हे वाक्य मी मायच्या तोंडी घालू शकले असते. लिहिताना तसा मोह झालाही. पण ते माझंच आहे. भय्याजींनी अंगणात ठेवून दिलेला दाब मीच उचलला आणि बाबांच्या डोक्यावर ठेवला. दाबाचं हे वाईट. तो देणारा एक असतो, वाहणारे घरचेच असतात.

बाबांनी बाजेखालचा कप उचलून ठेवला. मग म्हणाले, "चाल. पाणी बंद कराची वेळ झाली."

दिवस मावळत होता. तलावात शिंगाड्याच्या वेली पसरल्या होत्या आणि पाळीवरून बगळे उडत होते. तुडुमावर बाईनं पाय ठेवू नये अशी गावात रीत. बाबांनी मला सरळ त्या पायऱ्यांवर उतरवलं. वरच्या भोकाचा दट्ट्या झिजला होता म्हणून ते तात्पुरतं तणशीनं, म्हणजे भाताच्या पेंढ्यानं, भरलेलं पोतं वापरत. पोतं बांबूच्या टोकाला बांधलेलं. बांबू माझ्या हातात दिला.

"भोकाजवळ ने. हात नाही घालाचा, बांबू पुढं करायचा. जवळ गेलं का सोड."

मी नेलं. वीतभर अंतर राहिलं असेल. एकदम हिसका बसला, बांबू हातातून सटकला आणि पोतं 'थप्' करून भोकावर बसलं. तुडुमाच्या आत इतका वेळ घुमणारा पाण्याचा आवाज बंद झाला.

"आता काढ," बाबा म्हणाले.

मी ओढलं. दोन्ही हातांनी ओढलं. पायरीला पाय लावून ओढलं.

"नाही निघत."

"कोनं धरलं?"

"पाण्यानं."

"तं मंग," बाबा म्हणाले आणि पाळ चढायला लागले.

मी मागून चिडून चालत होते. मला दाखला पाहिजे होता आणि हा माणूस मला पोतं दाखवत होता. घरी येऊन पुस्तक उघडलं. धडा तोच होता. द्रवाचा दाब खोलीबरोबर वाढतो. आणि खाली: द्रवातल्या कोणत्याही बिंदूशी दाब सर्व दिशांना समान असतो. सर हे शिकवताना फळ्यावर एक ठिपका काढायचे आणि त्याला चारी बाजूंनी बाण. त्यातला एक बाण खालून वर जाणारा. मी तो वहीत काढला होता, पाठ केला होता, पण मनातून मानला नव्हता. खालून वर दाब? आमच्या गावात दाब वरून खालीच यायचा. मायच्या डोक्यावर भारा, बाबांच्या डोक्यावर भय्याजी. पुढे पस्तीस वर्षं मी शाळेत हाच धडा शिकवला. दर वर्षी एखादी मुलगी हात वर करून विचारायची, मॅडम, वरच्या दिशेनं दाब कसा? मला तिला मिठी मारावीशी वाटे. मी नुसतं म्हणायची, बादलीत रिकामा तांब्या उपडा दाबून बघ.

पण त्या आश्विनातल्या एका दुपारचा प्रकार सांगायचा आहे.

दोन दिवसांनी रघू सरपंचानं बाबांना मोहाडीच्या कचेरीत कसलासा कागद द्यायला पाठवलं. यात डाव आहे हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आलं नाही. मी पाळीवर वडाखाली पुस्तक घेऊन बसले होते. उन्हं डोक्यावर आलेली. भय्याजींची दोन माणसं हल्यांची जोडी घेऊन पाळीवर चढली. हल्ये म्हणजे रेडे, आमच्याकडे चिखलणी त्यांच्यावरच होते. एकानं तुडुमावर उतरून खालच्या दट्ट्याच्या दांड्याला दोरखंड बांधला, दुसऱ्यानं तो जुवाला अडकवला.

मी ओरडले, "अगा, खालचा नोका काढू! परत बसत नाही थो!"

"बसवू सांजेले," तो म्हणाला. "मालकाच्या बांध्या भरल्या का बसवून देऊ."

जे भात पेरतात, चिखल तुडवतात, पण ज्यांनी तुडुमाला कधी हात लावलेला नाही, त्यांचीच ही चूक. त्यांना वाटलं, जे ताकदीनं निघतं ते ताकदीनं बसतं.

हल्ये रेटले. दांडा कण्हला. दट्ट्या निघाला तो सरळ निघाला नाही, अर्धा फुटून निघाला. आणि तुडुमाच्या पोटातून असा आवाज आला की हल्ये जू घेऊन पळाले. पाळीच्या पलीकडे पाट दोन्ही काठांनी फुटला. पहिला धुरा, म्हणजे शेताचा बांध, गेला तो भय्याजींचाच. हिरव्यागार धानावर लाल मातीचा आणि वाळूचा लोंढा चढताना मी पाहिला. पाणी टोकाला जात नव्हतं, कोणालाच मिळत नव्हतं, नुसतं नाल्याला वाहून चाललं होतं. गावाच्या अख्ख्या हंगामाचं पाणी.

भय्याजी पळत आले. मी त्यांना पळताना तेवढं एकदाच पाहिलं. "बुजवा! पाणकर कुठी मेला?"

"तुमच्याच रघूनं मोहाडीले धाडला जी," मागून आवाज आला. गिरजाकाकी होती. टोकाला तिच्या तीन बांध्या, नवरा नाही, जीभ मात्र दोघांची. तिच्यामागे टोकाकडच्या सात-आठ बाया, निंदण सोडून आलेल्या. "त्याच्या नावानं रडा आता." मग माझ्याकडे वळून, "का लागते थे सांग, पोरी. रडू नोको."

मी रडत होते हे मला तिनं सांगितलं तेव्हा कळलं.

"पोतं. तणीस. चिकन माती. लांब बांबू," मी म्हटलं.

बाया धावल्या. भय्याजींच्या एका माणसानं फुटका दट्ट्या उचलून खाली उतरायला पाय टाकला. "हात नोको घालू!" मी किंचाळले, "बाबांची बोटं आठवून पाय!" तो थबकला. माझ्या कमरेला दोरखंड बांधला, दुसरं टोक गिरजाकाकी आणि चार बायांनी धरलं. बाईनं तुडुमावर चढू नये ही रीत त्या दिवशी कोणाला आठवली नाही. भय्याजींनाही नाही.

पाणी कमरेला, मग छातीला आलं. भोकाशी भोवरा फिरत होता. मला खालून ओढ लागत होती, जसा कोणी लुगड्याचा पदर धरून ओढावा. तणीस आणि माती भरलेलं पोतं बांबूच्या टोकाला. आता पुस्तकातलं काही आठवत नव्हतं. बाबांचा आवाज आठवत होता. जवळ ने. सोड. पहिल्यांदा पोतं तिरपं गेलं आणि वाहून आत गेलं. वरून भय्याजी म्हणाले, "होत नाही तिच्यानं."

गिरजाकाकी म्हणाली, "तुमच्यानं झालं थे आमी पायलं."

दुसरं पोतं मोठं केलं, त्यात चिकन माती जास्त. मी बांबू खाली नेला, सरळ, हळूहळू. हिसका बसला. बांबू हातातून उडाला, तळहाताची साल निघाली. आणि तलावाच्या पोटात 'थप्' असा आवाज झाला, इतका खोल की तो कानांना नाही, पायांना ऐकू आला. भोवरा दोनदा फिरला आणि सपाट झाला. एक शिंगाड्याचं पान वर येऊन तरंगत राहिलं.

ते पोतं ज्यानं धरलं होतं ते वर पुरुषभर उभं असलेलं तेच पाणी. जे ढकलत होतं तेच आता राखत होतं. वर जितकं पाणी जास्त, तितकं पोतं घट्ट. मी छातीभर पाण्यात उभी राहून हसायला लागले. वर बायांना वाटलं पोरीचं डोकं फिरलं.

बाबा उन्हं कलताना परतले. आधी घरी आले नाहीत, पाळीवर गेले. बांबूनं पोत्याच्या चारी बाजू चाचपल्या.

"कोनं बसवलं?"

"तुह्या पोट्टीनं," गिरजाकाकी म्हणाली.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "हात तं नाही घातला नं?"

"नाही."

"दाखव." मी सोललेले तळहात दाखवले. त्यांनी दहाही बोटं एकेक करून मोजल्यासारखी धरली आणि सोडली. दुसऱ्या दिवशी उरलेलं पाणी ठरल्याप्रमाणे टोकाकडे सुटलं.

आता वाटेल की भय्याजींना लाज वाटली असेल. तसं काही झालं नाही. गावात बातमी फिरली ती अशी: पाणकराच्या पोरीनं तुडुमाशी खेळ केला म्हणून पाट फुटला. मी फॉर्म घेऊन ग्रामपंचायतीत गेले तर रघू सरपंच म्हणाला, "चौकशी होईल. थेवर दाखला नाही."

बाबा बोलायला आले नाहीत. मी म्हटलं नाही आणि ते आलेही नाहीत. ते पाण्याबरोबर टोकाकडे होते, एकेक बांधी भरत. मी पंचायतीच्या ओट्यावर बसले. थोड्या वेळानं गिरजाकाकी आली, काखेत शिंदीची पानं. शेजारी बसली आणि झाडण्या बांधायला लागली. मग दुसरी आली. दुपारपर्यंत ओटा भरला. बाया झाडण्या बांधत होत्या, तंबाखू मळत होत्या, आपापल्या सासवांच्या गोष्टी सांगत होत्या. कोणी घोषणा दिली नाही, कोणी सरपंचाचं नावही घेतलं नाही. फक्त त्याला आत जायला-यायला वाट ठेवली नाही. जाताना त्याला म्हणावं लागायचं, "सरका जी जराशा," आणि बाया सरकायच्या, हळू, लुगडं सावरत, हवा तेवढा वेळ घेऊन.

तिसऱ्या दिवशी तो दारात येऊन उभा राहिला. "हा दबाव हाये. सरकारी कामात दबाव आनून राहिल्या तुमी."

गिरजाकाकीनं दातात पान धरलं होतं. ते काढून ती म्हणाली, "आमी कुठी का बोललो, बाप्पा? झाडण्या बांधून राहिलो. तुमाले दाब लागून राहिला तं आमी का कराव?"

ओटा हसला. मी ठिपका पाहत होते आणि त्याच्या खालून वर जाणारा बाण. सरांना सांगायला हवं होतं, तो खरा असतो.

रघूनं सही केली. शिक्का मात्र असा दाबून मारला की गोल ठसा कागदाच्या पाठीवरही उमटला. मी तो कागद कॉलेजात दिला. त्याची नक्कल ठेवायला हवी होती, आजही हळहळ वाटते.

पुढे मी पास झाले, नोकरीला लागले, मुख्याध्यापिका झाले. माझ्यावर दाब आणणारे संपले असं नाही. अमक्याला पास करा, तमक्याची बदली करू नका, या कागदावर डोळे झाकून सही द्या. माणसं शांतपणे यायची, चहा थंड होऊ द्यायची, 'सांगू नं' म्हणायची. प्रत्येक वेळी मी मनात एक पोतं भोकाजवळ नेत असे आणि ते बसल्याचा आवाज ऐकत असे. टेबलापलीकडच्या माणसाला तो कधी ऐकू आला नाही, पण मी बदलत नाही एवढं त्याला कळायचं. एकशे साठ म्हणजे त्या सगळ्यांची बेरीज असेल. असू दे. गोळी घेईन. लोणचंही सोडीन. बाकी काही सोडायचं नाही.

त्या दिवशी दवाखान्यातून मी घरी गेले नाही. रिक्षा माझ्या गावाकडे वळवली. तलावाच्या पाळीवरून उतरले आणि पाटापाटानं चालत टोकाला गेले. गिरजाकाकी आता नाही, तिच्या तीन बांध्या तिची सून करते. हलकं धान कापणीला आलं होतं. पिवळ्या लोंबा इतक्या खाली वाकल्या होत्या की धुऱ्यावर टेकल्या होत्या.

त्या आश्विनात, पाणी पोचल्यावर आठ दिवसांनी, बाबांनी इथूनच एक लोंब तोडून घरी आणली होती. माझ्या हातात देऊन म्हणाले होते, "दाबून पाय." मी नखानं दाबलं तर पांढरं दूध आलं. "आता थांबू," ते म्हणाले. पंधरा दिवसांनी मला घेऊन ते इथे आले. फॉर्म गेला होता, मी कॉलेजला परत निघाले होते, खांद्याला पिशवी होती. गिरजाकाकी विळा घेऊन उभी होती आणि कापायला सुरुवात करत नव्हती, आमची वाट बघत होती. बाबांनी परत एक लोंब दिली. "आता दाबून पाय."

सून धुऱ्यावरून विचारत होती, "मॅडम, का पायता?"

मी एक दाणा अंगठ्यात आणि बोटात धरला. तेव्हा दाबला होता तसा, जीव लावून दाबला.

दबला नाही.